क्युबात मंत्र्यांनीही ऊस तोडला म्हणे. बरं, पुढं?

खोडवा :
'लालकंदील' यांनी काल लिहिलं: "१९७० साली क्युबात डॉक्टर, प्राध्यापक, मंत्री सगळे कोयता घेऊन उसात उतरले. अमेरिकेतून २१६ जणांची पहिली तुकडी स्वतःच्या सरकारला न जुमानता गेली. आपल्याकडे एक रविवार तरी कुणी फडात जाईल का?" प्रतिसाद लिहायला बसलो नि लांबला, म्हणून वेगळा धागा.

उतरले, मान्य. साखर किती झाली ते का गाळलंत? उद्दिष्ट १ कोटी टन, हाती आली ८५ लाख. तीसुद्धा कशी, तर जुलै १९६९ ला सुरू केलेला हंगाम पुढच्या जुलैपर्यंत ओढून. तिथला खरा हंगाम डिसेंबर ते एप्रिल. आधी तोडलेला ऊस कच्चा, नंतरचा पावसातला. उतारा, म्हणजे उसातून निघणारी साखर, दोन्हीकडून पडतो. पुढच्या वर्षीचा ऊसही गव्हाणीत (कारखान्यात ऊस टाकायच्या पट्ट्यावर) घातला, म्हणून १९७१ ला साखर ६० लाख टनांच्या आत आली. २६ जुलै १९७० ला क्युबाचे नेते फिडेल कॅस्ट्रोंनी भर सभेत अपयश कबूल केलं. तुम्हाला अजून ते जमत नाही.

आता तुमचे स्वयंसेवक. नवखा माणूस वाकत नाही, वीतभर बुडखा ठेवून तोडतो. उसात सगळ्यात जास्त साखर त्या बुडख्यातच. शिवाय खोडवा, म्हणजे तोडीनंतर बुडातून पुन्हा येणारा ऊस, जमिनीखालच्या डोळ्यांतून फुटायचा तो वरून फुटतो, मुळं उथळ राहतात, वाऱ्यानं लोळतो. शेंड्याला उलटी गत: वाढं (शेंड्याचा हिरवा पाला) नीट छाटत नाहीत, कोवळ्या कांड्या कारखान्यात जातात, त्यांच्यातली साखर दाणा धरत नाही, मळीत जाते. गोड भाग रानात, अगोड भाग गव्हाणीत. याला क्रांती म्हणायचं असेल तर म्हणा.

लालकंदील :
८५ लाख हा क्युबाचा तोवरचा विक्रम होता, १९५२ लाही मागं टाकणारा. हे तुम्ही का गाळलंत?

आणि बाहेरची माणसं फडात का आणावी लागली तेही सांगा की. क्रांतीआधी हंगाम उरकला की पुढचे महिने हाताला काम नाही. त्याला तिकडं 'मेलेला काळ' म्हणत. बारमाही काम मिळू लागल्यावर पट्टीचे तोडकरी फड सोडून गेले. बीडच्या मजुराला बाराही महिने गावात काम द्या, बघू किती कोयते तोडीसाठी आगाऊ उचल घेतात ते.

मळीवाला :
बुडख्यावरून भांडताय, पण खरा घोळ तोड आणि गाळप यांच्या अंतरात असतो. तोडलेला ऊस २४ तासांत गव्हाणीत पडला पाहिजे. स्वयंसेवकांच्या तुकड्या एकदम येतात, दोन दिवसांत डोंगर तोडून ठेवतात नि वाहनं तेवढीच. ऊस वाळतो, साखर फुटते, जिवाणूंनी डेक्स्ट्रान नावाचं डिंकासारखं द्रव्य तयार होतं. मग रस चिकट, गाळणी तुंबते, दाणा सुईसारखा लांबट येतो. चूक फडात, शिव्या साखर शिजवणाऱ्या पॅनवाल्याला.

आरोबा :
तोडीचे आकडे द्या की. तिकडं माप आरोबा, म्हणजे साडेअकरा किलो. कसलेला माणूस दिवसाला ३०० आरोबा सहज तोडे, म्हणजे साडेतीन टन. आपला कोयता म्हणजे जोडपं, तरी दीड-दोन टन.

खोडवा :
ही तुलना वाचून डोकं फिरलं. आपलं जोडपं तोडतं, पाचट काढतं, मोळी बांधतं, डोक्यावरून फळीनं चढून गाडीत भरतं. तिकडचा गडी तोडून ढीग घालायचा. भरायला बहुतेक ठिकाणी यंत्र. फळीवर मोळी घेऊन एकदा चढा, मग आरोबा मोजा.

आरोबा :
आवाज खाली घ्या. मीही तेच म्हणणार होतो: यंत्र आणा. क्युबानं रशियाच्या मदतीनं ओल्गीन शहरात हार्वेस्टरचा, म्हणजे ऊसतोडणी यंत्राचा, कारखानाच काढला, १९७७ मध्ये.

मळीवाला :
आणि ऊस जाळून तोडायलाही लागले, ऑस्ट्रेलियाची पद्धत. पाला जळाला की तोडीला वेग येतो. पण जळक्या उसाचं वजन तासागणिक घटतं, आणि हार्वेस्टरचे तुकडे तर अख्ख्या उसाच्या कितीतरी आधी आंबतात. कापलेली तोंडं दोनाऐवजी वीस. मी म्हटलेले २४ तास तिथं १२ सुद्धा उरत नाहीत.

आरोबा :
सरी साडेचार-पाच फुटांची ठेवा, हिरवाच तोडा, मशीनचा पाला उडवणारा पंखा नीट लावा, पाचट मागं पडतं. आपल्याकडं सरी तीन फुटांची आणि तक्रार मशीनची.

मळीवाला :
पंखा जोरात लावला की पाचटाबरोबर कांड्याही उडतात. फडात मागं फिरून वेचा, कळेल.

उंबरठा :
यंत्रावर घसरलात सगळे. 'स्वयंसेवक' शब्दावर कुणी बोलेल का? १९६५ ते ६८ क्युबातल्या कामागुए प्रांताच्या उसात लष्करी छावण्या होत्या. चर्चवाले, समलिंगी, नको तेवढे लांब केस असलेली पोरं तिथं डांबली. त्या छावण्यांचं आद्याक्षरी नाव 'उमाप'. काम मात्र मोजून घेत. आणि पुढं फ्रीज-टीव्ही कुणाला द्यायचा हे कामाच्या ठिकाणच्या सभेत ठरे. स्वेच्छेच्या कामाचे गुण त्यात धरत. अशी स्वेच्छा आमच्या सोसायटीतही आहे, दंडाच्या पावतीसकट.

लालकंदील :
उमापचं समर्थन मी करत नाही. पण १९६१ बघा. शाळा बंद ठेवून लाखभर पोरं कंदील आणि पुस्तक घेऊन खेड्यात राहिली, ७ लाखांवर माणसं वर्षात लिहायला शिकली. तीही स्वयंसेवाच.

खोडवा :
साक्षरता मोहीम मान्य. घ्या, लिहून दिलं, फ्रेम करा. पण तिथं गिरवताना 'अ' चुकला तर पुसून पुन्हा काढता येतो. वितभर वर तोडलेला ऊस परत लावता येत नाही.

लालकंदील :
म्हणजे माणसं चुकीची नव्हती, काम चुकीचं दिलं. मग 'तुम्हाला अजून ते जमत नाही' या टोमण्याचं काय?

खोडवा :
टोमणा राहू दे. अगोड भाग आहे, मळीत जाईल.

आरोबा :
पंख्याचा वेग किती ठेवता ते मळीवाल्यांनी अजून सांगितलेलं नाही.