आधी उतार, मग चढ : चोरलच्या दरीतील सायकलवाटा (अनुभव धागा; प्रत्येक प्रतिसादाच्या वर लिहिणाऱ्याचे ठिकाण)

राजेंद्र नगर, इंदूर (धागाकर्ता)

महू ओलांडून दक्षिणेला निघाले की माळव्याचे पठार एकाएकी तुटते आणि खाली चोरल नदीचे खोरे पसरलेले दिसते. पाताळपाणी, कालाकुंड, तिंछा, मुहाडी, कजलीगढ ही नावे इंदुरातील मराठी घरांना पावसाळी सहलींमुळे पाठ आहेत. परंतु या ठिकाणांच्या अवतीभोवती जी गुरांची, मोळीवाल्यांची आणि जुन्या बैलगाड्यांची वाट आहे, तिच्यावरून माउंटन बाइक चालविणाऱ्यांचे अनुभव एकत्र वाचायला मिळत नाहीत. त्यासाठी हे आवाहन.

आपल्या भागाचे एक वैशिष्ट्य ध्यानात ठेवून लिहावे, अशी विनंती आहे. डोंगरात जाणारा सायकलस्वार सहसा आधी चढतो आणि दमल्यावर उताराचे सुख घेतो. आपले घर पठारावर असल्यामुळे आपल्याकडे सगळे उलटे होते. ताज्या पायांनी आपण दरीत उतरतो आणि ऊन डोक्यावर आलेले, बाटलीतले पाणी तळाला गेलेले अशा वेळी परतीचा चढ समोर उभा राहतो. म्हणून उतार किती रंगला यापेक्षा वर कसे आलात, कोठे सायकल हाताने आणावी लागली, महिना कोणता होता आणि टायर कोणते होते, हे वाचायला मला अधिक आवडेल. सरासरी वेगाचे आकडे नसले तरी चालतील.

माझ्यापुरते सांगायचे तर मला दरीपेक्षा कड्यावरची वाट प्रिय आहे. जानापावच्या डोंगरात उगम पावलेली चंबळ उत्तरेकडे जाऊन यमुनेला मिळते आणि जवळच्याच डोंगररांगेतून निघालेली चोरल दक्षिणेकडे वळून बडवाहजवळ नर्मदेला मिळते. म्हणजे येथील पावसाचा काही भाग बंगालच्या उपसागराकडे जातो आणि काही अरबी समुद्राकडे. सायकलवरून मात्र ही पाणलोटाची रेघ दिसत नाही. ओहोळ कोणत्या बाजूला वाहतो आहे हे मुद्दाम थांबून पाहावे लागते. कड्यालगतची वाट बेसाल्टच्या उघड्या थरांवरून जाते. हे थर बुटक्या पायऱ्यांसारखे एकाखाली एक असतात आणि त्यांच्या कडा झिजून गुळगुळीत झालेल्या नसतात, त्यामुळे उतरताना पेडल आडवे आणि समपातळीत ठेवले नाही तर खालचे पेडल दगडाला हमखास ठोकरते. ही वाट नोव्हेंबरात सर्वांत चांगली असते, असे माझे मत आहे.

महू

धागाकर्त्यांनी पाताळपाणीचे नाव घेतले म्हणून लिहितो. माझी नोकरी रेल्वेत झाली आणि हा घाट मी आधी इंजिनाच्या बाजूने पाहिला, सायकल नंतर आली. तुकोजीराव होळकर (दुसरे) यांनी दिलेल्या एक कोटी रुपयांच्या कर्जातून १८७० च्या दशकात ही मीटरगेज लाइन उभी राहिली. पाताळपाणी ते कालाकुंड या टप्प्यात चढ चाळीसास एक (चाळीस फुटांमागे एक फूट) इतका आहे. वर येणाऱ्या गाडीला कालाकुंडला जास्तीचे इंजिन जोडावे लागे. रेल्वेच्या दृष्टीने हा फार मोठा चढ झाला, सायकलवाल्याला तो मवाळ वाटतो. नेमक्या याच मोहापायी तरुण मंडळी रुळांच्या कडेने सायकल घालतात. कृपया असे करू नये. पुलांवर बाजूला पाय ठेवायलाही जागा नसते, बोगद्यात खडी सैल असते, आणि २०१८ च्या डिसेंबरात येथे वारसा गाडी सुरू झाल्यापासून ‘लाइन बंद आहे’ ही समजूत धोक्याची ठरली आहे.

रुळांपासून दूर, झाडीतून खाली जाणारी पायवाट आहे. गावकऱ्यांना विचारले तर ते आपुलकीने दाखवतात. पाताळपाणी स्थानकाला आता इंग्रजांविरुद्ध लढलेले आदिवासी वीर टंट्या भिल्ल यांचे नाव आहे. त्यांच्या देवस्थानापाशी गाडी क्षणभर थांबवण्याचा आमच्याकडे रिवाज होता. मी सायकलवरून जातानाही तेथे थांबतो. तेवढ्यात ब्रेक थंड होतात, हा व्यावहारिक लाभ वेगळा. कालाकुंडला पळसाच्या पानावर कलाकंद मिळतो. तो चढाच्या आधी खावा की नंतर, यावर आमच्या मंडळींत एकमत नाही. मी आधी खातो.

सुदामा नगर, इंदूर

महूच्या काकांनी रुळांबद्दल लिहिले ते अगदी योग्य झाले. मला सागाच्या पानांबद्दल लिहायचे आहे, कारण त्याविषयी नव्या मुलींना कोणी सावध करीत नाही.

आम्ही काही जणी पहाटे निघून चोरल धरणाच्या बाजूच्या जंगलवाटांवर जातो. फेब्रुवारी उलटला की साग निष्पर्ण होऊ लागतो आणि सुपाएवढी वाळकी पाने वाटेवर थराने साचतात. वरून पाहता ती गादी वाटते, प्रत्यक्षात पान पानावरून सरकते आणि त्याखाली लिंबाएवढे गोटे दडलेले असतात. अशा जागी पुढचा ब्रेक दाबला की चाक बाजूला निसटते. त्यामुळे पानांच्या थरात शिरण्यापूर्वीच वेग कमी करावा, आत शिरल्यावर ब्रेक सोडून द्यावा, कोपरे किंचित वाकवून शरीर मागे न्यावे आणि नजर चाकापुढच्या पानांवर न ठेवता वाट जेथे वळते तेथे ठेवावी. पानांचा आवाज इतका मोठा असतो की मागून येणाऱ्या मैत्रिणीची हाक ऐकू येत नाही. त्यामुळे दोघींमध्ये भरपूर अंतर हवे.

दुसरी गोष्ट खाजकुइलीची. हिवाळ्यात तिच्या तपकिरी, लवदार शेंगा वेलींवरून वाटेवर लोंबत असतात. हँडलचा धक्का लागला की ती लव मनगटावर आणि मोज्यांवर बसते व पुढचे दोन तास दुसरे काही सुचत नाही. पूर्ण बाह्यांचा सदरा हाच उपाय. घाईघाईने पाणी ओतून चोळू नये, चिकटपट्टीने लव उपटून काढावी.

आणि या वाटा सायकलवाल्यांसाठी केलेल्या नाहीत, हे विसरता कामा नये. डोक्यावर मोळी घेऊन चढणाऱ्या बाईला बाजूला व्हायला लावणे मला पटत नाही. मोळी एकदा खाली टेकवली की ती पुन्हा डोक्यावर चढवायला दुसरे माणूस लागते. आम्ही लांबूनच घंटी वाजवतो, उतरतो आणि दरीकडच्या नव्हे, डोंगराकडच्या बाजूला उभ्या राहतो.

सिमरोल

मी मूळचा नाशिकचा. शिक्षणासाठी येथे आलो आणि वसतिगृहातून तिंछाच्या बाजूला जाऊ लागलो. पहिल्या पावसात काळ्या मातीने मला जे शिकवले ते कोणत्याही चित्रफितीत सांगितलेले नव्हते. ही माती चिखलासारखी उडून जात नाही. ती टायरवर थरावर थर चढवत जाते, पुढचे चाक धरणाऱ्या फोर्कच्या कमानीत आणि सांगाड्याच्या मागच्या त्रिकोणात अडकते आणि थोड्याच वेळात चाक फिरेनासे होते. तेव्हा जोर लावून पेडल मारले तर डिरेलर (गिअर बदलताना साखळी सरकवणारा भाग) ओढला जाऊन तो ज्यावर टांगलेला असतो तो हँगर वाकतो. सायकल उचलावी तर तिचे वजन मातीमुळे जवळजवळ दुप्पट वाटते. त्यामुळे जून ते सप्टेंबर मी शेतांच्या कडेची वाट टाळतो आणि मुरुमाच्या रस्त्यांवरच राहतो. पिशवीत एक चपटी काठी ठेवतो. मातीचा थर खरवडायला तिच्याइतके उपयोगी दुसरे साधन नाही.

टायरचे विचारले आहे म्हणून : २९ इंची चाकांवर २.३५ इंच रुंदीचे ट्यूबलेस टायर, हवा साधारण २४ पीएसआय (हवेच्या दाबाचे माप), माझे वजन ६५ किलो. बाभळीच्या काट्यांमुळे येथे ट्यूबचा नाद सोडलेलाच बरा. सीलंट (टायरमधले छिद्र आतून बुजवणारा द्रव) मात्र आपल्या उन्हाळ्यात लवकर सुकते. डब्यावर लिहिलेल्या मुदतीवर विसंबू नये, टायर हलवून आत द्रव खळखळतो का ते ऐकावे.

खंडवा रस्त्याने भेरूघाट उतरून चोरलला जाण्याचा मार्ग नकाशावर सोपा दिसतो. मालट्रकांची गर्दी आणि आंधळी वळणे पाहता मी तो कोणालाही सुचवणार नाही.

सॅक्रामेंटो, कॅलिफोर्निया (पूर्वी तिलक नगर, इंदूर)

धागाकर्त्यांचे ‘आधी उतार, मग चढ’ वाचून लिहिल्यावाचून राहवले नाही, कारण मी सध्या ज्या दरीत सायकल चालवतो तिचेही गणित हेच आहे. सिएरा नेवाडाच्या पायथ्याशी ऑबर्न नावाचे गाव आहे. तेथे अमेरिकन नदीचे उत्तर आणि मध्य असे दोन फाटे खोल दरीत एकमेकांना मिळतात. गाव वर आणि संगम खाली. पूर्वी घोड्यांच्या टपालगाड्या ज्या रस्त्याने धावत, तो स्टेजकोच ट्रेल संगमापर्यंत उतरतो आणि उन्हाळ्यात त्याच वाटेने परत येणे ही खरी कसोटी असते, कारण तापमान अनेकदा ३८ अंशांच्या पुढे जाते. डोक्यावर फॉरेस्टहिलचा पूल असतो. १९७३ मध्ये खुला झालेला हा पूल नदीपासून सुमारे ७३० फूट उंच आहे. ऑबर्न धरण झाल्यावर दरीत पाणी भरेल म्हणून तो एवढा उंच बांधला. १९७५ मध्ये ओरोव्हिलला भूकंप झाल्यानंतर धरणाचे काम थांबले आणि ते पुढे झालेच नाही. आज आम्ही ज्या वाटांवर सायकल चालवतो त्यांतील बऱ्याच त्या धरणाच्या पाण्याखाली गेल्या असत्या.

सुदामा नगरच्या ताईंनी जे सौजन्य सांगितले, ते येथे पाटीवर लिहिलेले असते : सायकलस्वाराने पायी चालणाऱ्याला आणि घोडेस्वाराला वाट द्यावी, पायी चालणाऱ्याने घोडेस्वाराला. काही वाटा फक्त पायी चालणारे आणि घोडेस्वार यांच्यासाठी राखीव आहेत आणि सायकलवाले त्यावर कुरकुरतात. मला ती व्यवस्था न्याय्य वाटते. खाजकुइलीची जागा येथे पॉयझन ओकने घेतली आहे. तीन-तीन पानांचे हे झुडूप असते, त्याचे तेल हातमोज्यांवर आणि हँडलच्या पकडींवर राहते आणि घरी आल्यावर दुसऱ्यालाही पुरळ उठवते.

नवख्याने दोन नद्यांच्या मधल्या धारेवर असलेला सुमारे अठरा किलोमीटरचा फॉरेस्टहिल डिव्हाइड लूप आधी करावा आणि मगच दरीत उतरावे, असा येथील जुन्या मंडळींचा सल्ला असतो. महूच्या पाणलोटाच्या धारेवरही अशी एखादी वर्तुळाकार वाट कोणी आखली आहे का, हे जाणून घ्यायला आवडेल.

लोकमान्य नगर, इंदूर

मी सायकल चालवत नाही, माझा मुलगा चालवतो. एवढेच लिहिते की पावसाळ्यात नदीच्या पात्रातून सायकल नेण्याचे धाडस कोणी करू नये. २०११ च्या जुलैत पाताळपाणीला माणसे वाहून गेली, तेव्हा पाण्याचा लोंढा अचानक आला होता. पाऊस वर पठारावर पडतो आणि पाणी खाली येते. पाणी गढूळ होऊ लागले, त्यातून काटक्या आणि पालापाचोळा वाहत येऊ लागला, तर ज्या काठावर आहात त्याच काठावर राहावे, मग सोबती पलीकडे असले तरी.

स्नेहलतागंज, इंदूर

सॅक्रामेंटोच्या दादांनी विचारलेली वर्तुळाकार वाट माझ्या माहितीत नाही; शिवाय महूच्या आसपास लष्कराची गोळीबाराची मैदाने असल्यामुळे तेथे मनाला येईल तशी वाट आखता येत नाही. लाल पाटी दिसली की मागे फिरावे.

परंतु उतार-चढाचा क्रम बदलण्याचा एक उपाय आम्ही वापरतो. चोरलऐवजी पश्चिमेकडचा जाम घाट घ्यायचा, आणि तोही खालून. आदल्या संध्याकाळी बसने मंडलेश्वरला किंवा महेश्वरला पोहोचायचे, मुक्काम करायचा आणि उजाडायच्या आत निमाडातून, म्हणजे घाटाखालच्या नर्मदाकाठच्या प्रदेशातून, निघायचे. निमाड माळव्यापेक्षा बराच तापतो, त्यामुळे नऊच्या आत घाट संपलाच पाहिजे. डांबरी रस्ता सोडून जुनी पाऊलवाट काही ठिकाणी धरता येते. तिच्यावर सैल दगड इतके आहेत की सर्वांत हलका गिअर असूनही मागचे चाक जागच्या जागी फिरते, तेथे निमूटपणे उतरून ढकलावे. माथ्यावर अहिल्याबाईंच्या काळातील जाम दरवाजा आहे. तेथे पोहोचलात की चढ मागे पडला, आणि पुढे महूपर्यंत पठाराचा रस्ता.

बसच्या टपावर सायकल चढवताना पुढचे चाक काढावे, डिरेलरची बाजू वर ठेवावी आणि डिस्क ब्रेकच्या पॅडमध्ये पुठ्ठ्याचा तुकडा घालावा, नाही तर वाटेत ब्रेकची लिव्हर दाबली जाऊन पॅड एकमेकांना चिकटतात. सायकलचे भाडे कंडक्टरशी आधीच ठरवून घ्यावे.