मदत हवी आहे: सीड जोमात, मुख्य फर्मेंटर ढिम्म!

लॅगग्रस्त: जीवाणूची वाढ फ्लास्कमध्ये झकास, सीड टँकमध्येही (विरजणासारखं सीड वाढवायची लहान टाकी) झकास. मोठ्या फर्मेंटरमध्ये (मुख्य टाकी) टाकलं की कल्चर, म्हणजे वाढवलेले जीवाणू, तासन्तास हलतच नाही. इनॉक्युलम, म्हणजे ओतलेलं सीड, ५ टक्के. पोषक माध्यम तेच, तापमान तेच. उद्या बॅच लावायची आहे, वरचे डोक्यावर बसलेत. पटकन सांगा.

निर्जंतुक: जीवाणू कोणता ते तरी सांगा! आणि सीड किती वयाचं?

फेसाळ: ५ कमीच. सरळ १० करा, आमचा लॅग (वाढ सुरू होण्याआधीचा खोळंबा) तसाच आटोक्यात आला.

निर्जंतुक: @फेसाळ, सीड म्हातारं असेल तर दुप्पट ओतून काय साधणार? त्यातलं अ‍ॅसिटेटही (जीवाणूंनीच टाकलेलं, वाढ रोखणारं आम्ल) दुप्पट जाणार.

फेसाळ: मग पीएच कंट्रोल कशाला बसवलाय?

निर्जंतुक: पीएच सुधारतो हो, अ‍ॅसिटेट तिथेच राहतं.

स्लँटवाला: माझं ऐका. जीवाणू स्लँटवरून स्लँटवर (नळीतल्या तिरक्या अगर थरावरून नव्या थरावर) नेणं बंद करा, स्ट्रेन (जीवाणूचा वाण) बिघडतो. १५-२० टक्के ग्लिसरॉलमध्ये उणे ८० अंशांना ठेवा. आधी मास्टर बँक (मूळ गोठवलेला साठा), तिच्यातून वर्किंग बँक (रोजच्या वापराचा साठा).

लॅगग्रस्त: स्लँटचं नाव कुणी काढलं? ग्लिसरॉल स्टॉकच आहे. जीवाणू बॅसिलस आहे. सीड रात्रभर वाढतं, सकाळची पाळी आली की ट्रान्सफर. ओडी (कल्चरच्या दाटपणाचा आकडा) १२, म्हणजे तब्येत चांगलीच ना?

निर्जंतुक: रात्रभर?! ओडी नुसता गढूळपणा सांगते, मेलेल्या पेशीही त्यात धरल्या जातात. उपासमार झाली की बॅसिलस बीजाणू (कवचात झोपी गेलेल्या पेशी) धरायला लागतो. थेंबभर कल्चर फेज कॉन्ट्रास्ट सूक्ष्मदर्शकाखाली बघा. काळपट दांड्यांत लख्ख चमकणारे अंडाकृती ठिपके दिसले तर ते बीजाणू. ते आधी रुजणार, मग वाढणार; तुमचे तास तिथेच जातात. दर तासाला ओडी घ्या (नमुना पातळ करून, दाट नमुन्याचा आकडा फसवा असतो) आणि चढ चालू असतानाच सीड उचला. पाळीचं घड्याळ जीवाणूला कळत नाही.

वाल्व्हमास्तर: ट्रान्सफरला वेळ किती लागतो? तेव्हा हवा चालू असते का? निर्जंतुक करायला वाफ दिलेली पाइपलाइन पुरती थंड होते का?

लॅगग्रस्त: लाइन थंड होईपर्यंत थांबतो, बराच वेळ जातो. तेवढा वेळ सीडची हवा आणि ढवळणी बंद, नाहीतर फेस वर चढतो.

वाल्व्हमास्तर: हे आता सांगताय? इतक्या दाट कल्चरमधला विरघळलेला ऑक्सिजन मिनिटाच्या आत संपतो! लाइन आधीच थंड करून ठेवा, हवा शेवटपर्यंत चालू राहू दे.

निर्जंतुक: +१. पण आधी सीडचं वय.

फेसाळ: अरे वा, फेस! डीफोमर (फेस मारायचं द्रव्य) कोणता, सिलिकॉनवाला का? त्यावर माझा वेगळा धागा आहे.