अनुभव धागा: प्राण्यांची चित्रपुस्तकं आणि कोकणातली पोरं

पाटी-पेन्सिल हातात यायच्या आधी प्राण्यांच्या चित्रपुस्तकांतून अक्षरओळख कुणी करून घेतलीय का? कसं वाचता, मुलं काय बोलतात, ते लिहा. पुस्तकांच्या याद्या नकोत.

अंगणवाडी सेविका, हर्णै परिसर
आमची बहुतेक पोरं मच्छीमारांच्या घरची. पुस्तकातल्या कुर्लीला, म्हणजे खेकड्याला, चित्रकाराने सहाच पाय काढलेले. पान उघडल्याबरोबर एक पोरगी उसळली, "बाई, ही खोटी!" मग सगळ्यांनी बोट ठेवून पाय मोजले. नांग्या धरून दहा हवेत, हे तिला लिलावाच्या टोपल्या बघून पाठ. एरवी ही तोंडातून ब्र काढत नाही. तिचंच वाक्य मी फळ्यावर लिहिलं, 'कुर्लीला दहा पाय असतात', आणि एकेका शब्दाखाली बोट नेत वाचलं. पुढे त्यातला 'कु' तिला सापडला तो थेट भिंतीवरच्या कुटुंब नियोजनाच्या पोस्टरवर! अर्थ विचारला नाही, नशीब माझं.

वेंगुर्ला
सासूबाई निरक्षर. पण नातवाला गोष्ट त्याच सांगतात, बिनशब्दांच्या पुस्तकातून. "माका वाचूक येणा नाय, चित्रां दिसतत मां?" गोष्ट रोज थोडी बदलते आणि नातू लगेच पकडतो, "आजी, काल कोल्हो पळालो!" आधी काय, मग काय, हे त्याचं पक्कं झालंय. अक्षरांची मला घाई नाही.

मंडणगड
आमच्या पुस्तकात शेवटी कासवीण पिल्लांना घेऊन समुद्रात जाते. वेळासला पिल्लं सोडताना पाहून आलेला मुलगा हे ऐकेना. मादी अंडी घालून त्याच रात्री परत जाते, पिल्लं पन्नासेक दिवसांनी निघतात, हे त्याने तिथे ऐकलं होतं. मी कोरं पान दिलं. त्याने चित्र काढलं, खाली माझ्याकडून लिहून घेतलं: 'आई नाही. आपली आपण गेली.' आता छापील पान उलटून तो स्वतःचंच वाचतो. पाठ आहे, कळतं मला, पण बोट बरोबर त्या त्या शब्दावर असतं.

चिपळूण
पावसाळ्यात बुरशीचं काय करता? आमची जाड पुठ्ठ्याची सगळी फुगली.

अंगणवाडी सेविका, हर्णै परिसर
पातळ पानांची घ्या, दोरीला चिमट्याने टांगा, पोरांच्या हाताला येतील अशी. मुखपृष्ठ दिसलं की आपणच ओढून घेतात. झुरळांवर मात्र उपाय सापडलेला नाही, कुणाकडे असेल तर सांगा.