पिकासोने रामोन कासासची नक्कल मारली की त्याला शिंगावर घेतलं?

काठावरचा कावळा:
बार्सिलोनाचं नाव काढलं की सगळे पिकासो पिकासो करत सुटतात आणि तिथलाच चित्रकार रामोन कासास म्हटलं की समोरच्याचा चेहरा कोरा, म्हणून हा धागा. १८९९च्या ऑक्टोबरात कासासने तिथल्या साला पारेस गॅलरीत मोठं प्रदर्शन लावलं, त्यात शंभराच्या वर तर नुसती चारकोल (चित्रकलेचा कोळसा) पोर्ट्रेट्स, लेखक, चित्रकार, गवई, शहरातली झाडून सगळी बडी मंडळी. माणूस बहुतेक उभा, अंगात गडद कोट, चेहरा जीव ओतून काढलेला आणि बाकी अंग चारदोन रेघांत उरकलेलं. आणि फेब्रुवारी १९०० मध्ये अठरा वर्षांचा पिकासो 'एल्स क्वात्र गात्स' कॅफेत पहिलं स्वतःचं प्रदर्शन लावतो तेव्हा भिंतीवर काय, तर चारकोल पोर्ट्रेट्स! तसेच उभे, तसेच कोट. माझं मत स्पष्ट आहे, ही नक्कल आहे, पुढे पोरगा जगप्रसिद्ध झाला म्हणून आपण तिला 'प्रभाव' वगैरे गोंडस नाव देतो.

निळी_शाई:
अहो कावळेभाऊ, नक्कल करणारा लपून करतो. इथे सगळा डावच उघड होता, मित्रांनी पिकासोला भरीला घातलं की शहरात पोर्ट्रेट म्हणजे कासास हे समीकरण मोडून दाखव. फ्रेम करायला कुणाकडे पैसे नव्हते म्हणून कागद तसेच टाचण्यांनी भिंतीवर टोचले. आणि कॅफे कुणाचा? कासासच्याच पैशांवर उभा राहिलेला, हॉलमध्ये त्याचंच ते भलंमोठं चित्र, तो स्वतः आणि कॅफे चालवणारा पेरे रोमेउ जोडसायकलवर. म्हणजे माणसाच्या घरात जाऊन त्याच्याच हत्याराने त्याला आव्हान दिलं की हो! 😄

काठावरचा कावळा:
आव्हान द्यायचं तर वेगळं काहीतरी आणायचं ना. तेव्हाच्या पेपरातही लिहून आलं होतं की पोरगा अननुभवी आहे, दुसऱ्यांच्या प्रभावाखाली आहे.

खडू_फळा:
मी चित्रकला शिकवते म्हणून थोडं हाताचं बोलते. चारकोलची कांडी आडवी धरून ओढली की एका फटक्यात अर्धा कोट भरतो, कोळसा कागदाच्या दाण्यावर बसतो आणि मधे पांढरं राहतं, ते तसंच सोडायला धीर लागतो. माझी मुलं लगेच बोटाने घासून सगळं राखाडी करून टाकतात. कासासला कुठे हात उचलायचा ते बरोबर कळायचं, तो १८६६ चा, पॅरिसमध्ये राहून आलेला, हात तयार झालेला. पिकासोने हे त्याच्याकडूनच उचललंय यात मला तरी शंका नाही. पण पिकासोचं साबार्तेसचं चित्र बघा, हा त्याचा कवी मित्र, त्याला काळा झगा घातलाय, डोक्यावर फुलांचा मुकुट, हातात फूल, मागे क्रूस असलेलं स्मशान, आणि वर लिहिलंय 'पोएता देकादेन्ते', म्हणजे ऱ्हासवादी कवी. चक्क टिंगल! कासासने गिऱ्हाइकाची अशी फिरकी घेतल्याचं मी तरी बघितलेलं नाही.

काठावरचा कावळा:
खडूताई, एका चित्रावरून निकाल? बाकीच्या मित्रांची बघा, कोटाच्या खिशात हात घालून उभे, सही झाकली तर कासास म्हणून खपतील. आणि टिंगल करणं सोपं असतं हो, मित्र असला की. कासाससमोर उभे राहणारे नावाजलेले लोक होते, त्यांना जसं आहे तसं, ना फुगवून ना पाडून, कागदावर उतरवणं जास्त अवघड.

निळी_शाई:
अवघड? वडील क्यूबात पैसा करून आलेले, पोटाची चिंता नाही, निवांत काढत बसायचं. पिकासोकडे नावाजलेले लोक येणारच नव्हते, त्याने कॅफेतल्या कडक्या टोळक्यालाच धरलं. मला तर यातच खरी बंडखोरी वाटते, की भिंतीवर टांगायला माणूस मोठा असायला लागत नाही.

काठावरचा कावळा:
श्रीमंत बापाचा मुलगा म्हणून रेघ वाईट होत नाही राव. आणि त्याच पैशातून कॅफे चालला म्हणून तुमच्या पिकासोला भिंत मिळाली.

मधलं_बोट:
दोघेही एक गोष्ट विसरताय. कासासला हा पोरगा खुपत असता तर त्याने पुढे स्वतः त्याचं चारकोल पोर्ट्रेट काढलं असतं का? काढलंय, हॅट, ढगळ पँट, मागे पॅरिसच्या मोंमार्त्र भागातली पवनचक्की, आज बार्सिलोनाच्या राष्ट्रीय कला संग्रहालयात आहे. १९०१ च्या जूनमध्ये 'पेल इ प्लोमा' मासिकात ते छापलं, चित्रांची बाजू सांभाळणारा कासासच, आणि त्याच सुमारास साला पारेसमध्ये दोघांची पेस्टल्स एकत्र लावली. पिकासो तेव्हा पॅरिसला होता, स्वतःच्या प्रदर्शनाला हजरसुद्धा नव्हता 🙄 भांडण असलंच तर मित्रांच्या डोक्यात होतं.

निळी_शाई:
मान्य, मन मोठं होतं कासासचं. पण म्हणूनच विचारते, १९०१ नंतर पिकासो निळ्या रंगछटांच्या चित्रांत शिरला, मागे वळून बघितलं नाही. कासास १९३२ पर्यंत जगला, त्याने त्या उभ्या कोटांच्या पुढे काय केलं?

काठावरचा कावळा:
१९०९ मध्ये दोनशेच्या वर पोर्ट्रेट्स शहराच्या म्युझियमला देऊन टाकली, ते केलं. त्या काळातलं अख्खं बार्सिलोना चेहऱ्यांसकट एका जागी बघायचं तर तोच संग्रह बघावा लागतो, पिकासोची ती पोरं कुठे कुठे पांगली ते शोधत बसा. आणि दर दोन वर्षांनी शैली बदलली नाही हा गुन्हा कधीपासून झाला?