थंडीत ट्रॅक्टरची लिफ्ट उचलत नाही, तापल्यावर रोटाव्हेटर खाली बसतो – मदत हवी आहे

मंडळी, खानापूर भागात चालणारा ४५ एचपीचा ट्रॅक्टर आहे. सकाळच्या गारठ्यात लिफ्ट (तेलाच्या दाबावर मागचं अवजार उचलणारी यंत्रणा) रोटाव्हेटर (माती भुसभुशीत करणारं अवजार) उचलायला फार वेळ घेते, पंप कण्हतो आणि डिपस्टिकवर तेलाला फेस दिसतो. तेल दुधाळ नाही, म्हणजे चिखलणीचं पाणी आत शिरलेलं नाही. ग्रेड पुस्तिकेप्रमाणे, पातळी बरोबर. सक्शनची (पंप तेल ओढतो त्या बाजूची) जाळी धुतली, फिल्टर नवा टाकला. माझा संशय पंपाच्या सक्शन पाइपच्या ओ-रिंगवर (सांधा बंद ठेवणारी रबरी कडी). तिथून हवा ओढली जाते, पण बाहेर तेलाचा थेंबही दिसत नाही, हीच पंचाईत!

दुपारी सगळं उलटं. तेल तापलं की लिफ्ट झटकन उचलते, पण इंजिन बंद केलं की लिव्हर वर असूनही रोटाव्हेटर मिनिटभरात जमिनीला टेकतो. खाली येण्याचा वेग ठरवणारा नॉब पूर्ण आवळला तर बसणं मंदावतं, थांबत मात्र नाही. मग पिस्टनचं सील गेलंय, की कंट्रोल व्हॉल्व्ह आणि सील दोन्ही?

लिफ्टचं झाकण न उतरवता हे कसं ओळखायचं? बाहेरच्या टॅपिंगला (दाब तपासायच्या तोंडाला) प्रेशर गेज लावायचा तर वाचन थंड तेलावर घ्यायचं की तापलेल्या? आणि ओ-रिंग बदलताना गिअरबॉक्सचं सगळं तेल काढावंच लागतं का?