नाशकात हृदयरोगाचा अध्यापन-संशोधन विभाग हवा की आधी तालुक्याला इंजेक्शन?

गोदाकाठ:
आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून आपल्या नाशकात आहे, संदर्भ सेवा रुग्णालयही आहे. या दोघांनी मिळून हृदयरोगाचा मोठा अध्यापन-संशोधन विभाग उभा करावा, असं माझं ठाम मत आहे. जिथे डीएमचे, म्हणजे हृदयरोगतज्ज्ञ होण्यासाठी शिकणारे विद्यार्थी असतात, तिथे रात्री दोन वाजताही कॅथलॅबपाशी (हृदयाच्या रक्तवाहिन्यांत नळी घालून तपासणी-उपचार करण्याच्या खोलीपाशी) कुणीतरी जागं असतं. एमडीनंतरची ती तीन वर्षं प्रत्येक ईसीजीचा जाब द्यावा लागतो. आणि संशोधन म्हणजे चैन नव्हे. त्रिवेंद्रमच्या श्री चित्रा संस्थेत डॉक्टर आणि इंजिनियर एकत्र काम करत होते, म्हणून भारतीय बनावटीची हृदयाची झडप तयार झाली. १९९० मध्ये ती पहिल्या रुग्णाला बसवली. परदेशी झडप न परवडणारी कितीतरी माणसं त्यामुळे जगली.

पेठरोडवाला:
भाऊ, माझा विरोध आहे. गेल्या पावसाळ्यात पहाटे चारला माझ्या चुलत्यांच्या छातीत कळ आली. गाव पेठ तालुक्यातलं. जवळच्या दवाखान्यात ईसीजीचं मशीन होतं, कागदाचा रोल नव्हता. पित्ताची गोळी देऊन घरी पाठवलं. सावळघाट उतरून नाशकात पोचेतो अकरा वाजले. जीव वाचला, पण हृदयाचं पंपिंग पार कमी झालंय. आता भाताच्या आवणीला चिखलात उतरता येत नाही. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन बारा तासांच्या आत देता येतं, पण खरा फायदा पहिल्या दोन-तीन तासांत. ते द्यायला डीएम लागत नाही, नीट शिकवलेला एमबीबीएस पुरतो. पैसा आधी तिकडे जाऊ द्या.

गोदाकाठ:
काकांचं वाचून वाईट वाटलं. पण दादा, त्या एमबीबीएसला नीट शिकवणार कोण? पहाटे चारला त्याने मोबाइलवर ईसीजी पाठवला, तर तो वाचायला पलीकडे कुणीतरी हवं ना?

निवृत्त सिस्टर, सातपूर:
मी मधलं बोलत नाही, वेगळं बोलते. तुम्ही दोघंही फक्त अटॅकचं बोलताय. मी वॉर्डात संधिवाताच्या तापाने झडप खराब झालेल्या पोरी पाहिल्यात. लहानपणी घसा दुखला, ताप आला, सांधे सुजले, कुणी मनावर घेतलं नाही. पुढे बाळंतपणात धाप लागली तेव्हा कळलं. अशा मुलांना दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन, तेही वर्षानुवर्षं, चुकवून चालत नाही. दोन चुकली तर आईला फोन करायला कुणाकडे यादी असते का? मला संशोधन हवंय ते ह्याचं. अमेरिकेत फ्रेमिंगहॅम गावात १९४८ ला अभ्यास सुरू झाला, तो ५२०९ माणसांना वर्षानुवर्षं तपासत राहण्याचा. बीपी आणि कोलेस्टेरॉलचा हृदयविकाराशी असलेला संबंध त्यातूनच पक्का झाला. सुरगाणा-कळवणच्या आश्रमशाळांमधून असं काम सुरू करायला हरकत काय?

पेठरोडवाला:
ताई, हे पटलं. यादीचं काम करणार असाल तर मी विरोध मागे घेतो, पण अर्धाच. एमडीच्या विद्यार्थ्यांना आताही तीन महिने जिल्हा पातळीवर काम करावं लागतं. तसं डीएमवाल्यांनाही घाट चढून पेठेत पाठवा.

गोदाकाठ:
मान्य. पण तीन महिन्यांनी ते परत येतील, यादी तिथेच राहील. त्यासाठी कायमची माणसं लागतील आणि ती विभागाच्या पगारावर हवीत. म्हणून तर विभाग मागतोय.

पेठरोडवाला:
मग मागणीपत्रात कॅथलॅबच्या वर ती माणसं लिहा. आणि ईसीजीचे रोल. सही करायला मी स्वतः येतो.