ऑनलाइन तासाला मुलं गप्प, २००० रुपयांत काय घेऊ?

तापीकाठ: नमस्कार. चोपडा तालुक्यात पुस्तपालन शिकवते. बारावीचे जादा तास रात्री साडेआठला ऑनलाइन घेते. ३१ मुलं, सगळ्यांचे कॅमेरे आणि माइक बंद. घसारा (वापराने यंत्राची किंमत कमी होणं) शिकवला, "समजलं का?" विचारलं, चॅटवर "हो मॅडम" आलं. चाचणीत निम्म्यांनी नोंद उलटी केली: यंत्र नावे (डेबिट) आणि घसारा जमा (क्रेडिट) टाकला. माझंच कुठेतरी चुकतंय, पण समोर चेहरे नसल्याने कुठे ते कळत नाही. पेन टॅबलेट (पेनने लिहिलेलं स्क्रीनवर दिसतं ती पाटी) घेऊ की वेबकॅम? बजेट २०००, त्यावर एक रुपया नाही.

केळीबाग_रावेर: ताई, दोन्ही नको, माइक घ्या. मी साडेआठ हजारांचा घेतला. मुलं म्हणतात, सर शेजारी बसून बोलल्यासारखं वाटतं. थोडं बजेट वाढवा.

यार्डाजवळ_भुसावळ: पेन टॅबलेटच, पण स्क्रीनवाला. मी आधी स्वस्तातला घेतला. हात एकीकडे, नजर दुसरीकडे, महिनाभर अक्षर गिचमिड. खतावणीच्या उभ्या रेषासुद्धा धड येईनात. शेवटी अठरा हजार मोजले.

धुळेकर७: आधी कॅमेरे सक्तीने चालू करा. माझ्या वर्गात कॅमेरा बंद तर हजेरी नाही.

सातपुड्याच्या_पायथ्याशी: धुळेकर, आमच्या धडगावकडे या एकदा. पोरं रेंजसाठी टेकडीवर जाऊन बसतात, एका फोनवर तिघं भावंडं. कुणाची गैरहजेरी लावू? मी तास वीस मिनिटांवर आणला. शेवटी प्रत्येकाने एक नोंद वहीत करून तिचा फोटो पाठवायचा. चेहरा दिसत नाही, पण चूक दिसते.

धुळेकर७: धडगावचं वेगळं. चोपड्यात रेंज आहे.

सातपुड्याच्या_पायथ्याशी: लोडशेडिंगही आहे.

बीएड_विभाग: खरेदी थोडी बाजूला ठेवू. मॅडम, तुमच्याच एका तासाचं रेकॉर्डिंग ऐका. प्रश्न विचारून किती सेकंद थांबता, ते मोजा. अमेरिकी शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात वर्गांतलं बोलणं रेकॉर्ड करून तपासलं. शिक्षक सरासरी एक सेकंदच थांबत होते. तीन सेकंद किंवा जास्त थांबल्यावर मुलांची उत्तरं लांबली, गप्प बसणारीही बोलू लागली. ऑनलाइनला आवाज उशिरा पोचतो, तिथे मी मनात दहापर्यंत मोजतो. आणि "समजलं का" याचं उत्तर "हो"च येणार. त्याऐवजी "घसारा कोणत्या बाजूला आणि का?" असं विचारा. दूरशिक्षणाचे अभ्यासक मायकेल मूर यांनी १९८९ मध्ये शिकतानाच्या आंतरक्रियेचे तीन प्रकार मांडले: विद्यार्थी आणि आशय, विद्यार्थी आणि शिक्षक, विद्यार्थी आणि विद्यार्थी. तिसरा ऑनलाइनला सगळ्यात आधी सुटतो.

गिरणाथडी: अहिराणीत विचारा ताई. "समजनं का रे भो?" म्हटलं की माझी पोरं मोकळी होतात.

धुळेकर७: बोर्डाचा पेपर प्रमाण मराठीत असतो.

गिरणाथडी: पेपर लिहायचा असतो, शंका बोलायची असते. घरात जी भाषा, तिच्यातच "मले नही समजनं" तोंडातून निघतं.

केळीबाग_रावेर: मी पुन्हा सांगतो, आवाज स्वच्छ नसेल तर अहिराणीही ऐकू जाणार नाही. माइक.

तापीकाठ: रेकॉर्डिंग ऐकलं. ऐकताना वाईट वाटलं. चाळीस मिनिटांत २३ वेळा "समजलं का" म्हणाले आणि एकदाही थांबले नाही. यंत्राची किंमत कमी होते हे दहा वेळा सांगितलं. घसारा हा खर्च आहे आणि सर्व खर्च नावे, हे एकदाही नाही. मुलं बिचारी काय करणार?

वहीचा फोटो आजपासून सुरू. खरेदी मात्र काहीच करत नाही. बरीच मुलं अडावद-धानोऱ्याकडची आहेत. मे महिन्याच्या चारही रविवारी सकाळी लवकर, ऊन चढायच्या आत, एसटीने अडावदला जाणार. मला अर्धं तिकीट लागतं. उरलेल्या पैशांतून वह्या. मुलं जोडीने बसतील आणि एकमेकांच्या नोंदी तपासतील.

यार्डाजवळ_भुसावळ: चार रविवारांनी काय होणार? टॅबलेट वर्षानुवर्षं चालतो.

तापीकाठ: दादा, माझ्या ३१ पैकी १४ मुलांना मी अजून समोर पाहिलेलंच नाही.